पाच टक्के आणि सात टक्के

जानेवारी २०१६ मध्ये मी हाँगकाँगमधल्या एका गुंतवणूक कंपनीत चिनी शेअर बाजाराचा विश्लेषक होतो. शांघाय आणि हाँगकाँगचे बाजार जोडणारी ‘स्टॉक कनेक्ट’ ही व्यवस्था नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली होती आणि तिच्यामार्फत आमच्या ग्राहकांचा पैसा शांघायमध्ये गुंतलेला होता. त्या महिन्यातला ७ तारखेचा गुरुवार मी विसरू शकत नाही, कारण त्या दिवशी जे घडले ते समजून घेण्याची संधी मला तीन दिवस आधीच मिळाली होती आणि मी ती घालवली होती.

आदल्या उन्हाळ्यात शांघाय निर्देशांक ५,१०० अंकांच्या वर जाऊन ऑगस्टअखेरीस ३,०००च्या खाली आला होता. अशी पडझड पुन्हा झाली तर लोकांना श्वास घ्यायला उसंत मिळावी, म्हणून चीनच्या बाजार नियामकाने १ जानेवारी २०१६ पासून ‘सर्किट ब्रेकर’ लागू केला. शांघाय आणि शेनझेन मिळून तीनशे मोठ्या कंपन्यांचा जो निर्देशांक आहे, तो पाच टक्के हलला की व्यवहार पंधरा मिनिटे थांबणार आणि सात टक्के हलला की दिवसभरासाठी बंद होणार, असा तो नियम होता. सोमवारी, ४ जानेवारीला, म्हणजे व्यवहाराच्या पहिल्याच दिवशी, दुपारी हे दोन्ही टप्पे ओलांडले गेले.

त्या संध्याकाळी मी ग्राहकांसाठी टिपण लिहिले. पंधरा मिनिटांच्या विरामामुळे घबराट ओसरते, तेव्हा पहिल्या टप्प्यावर विक्रीची घाई करू नये, विरामानंतरचे दर पाहून ठरवावे, असा सल्ला मी त्यात दिला होता. माझ्या शेजारी बसणाऱ्या ज्येष्ठ डीलर मूळच्या शांघायच्या. टिपण वाचून त्यांनी एवढेच सांगितले, “माझ्या आईला आज दुपारी शेअर विकायचे होते. तिची ऑर्डर जाईपर्यंत बाजार बंद झाला. आता पुढच्या वेळी ती पाच टक्क्यांची वाट पाहणार नाही.” मी ते ऐकले, पण टिपण बदलले नाही. चीनमधल्या शेअर बाजाराच्या उलाढालीत मोठा वाटा अशा घरगुती गुंतवणूकदारांचा असतो, हे मी स्वतः अनेक अहवालांत लिहिले होते, तरीही त्या आईचा निश्चय लाखो घरांत त्याच संध्याकाळी होत असेल, हे माझ्या लक्षात आले नाही.

गुरुवारी सकाळी सव्वानऊला चीनच्या मध्यवर्ती बँकेने युआनचा मध्यदर, म्हणजे त्या दिवसाच्या चलन-व्यवहारांचा आधारदर, डॉलरला ६.५६४६ असा जाहीर केला. ऑगस्टनंतरची ती युआनची एका दिवसातली सर्वांत मोठी घसरण होती. त्यातच मोठ्या भागधारकांवर जुलैपासून घातलेली सहा महिन्यांची विक्रीबंदी दुसऱ्या दिवशी संपणार होती. साडेनऊला बाजार उघडला आणि पडदा हिरवा झाला. चीनमध्ये तेजी लाल रंगाने दाखवतात आणि मंदी हिरव्याने. पावणेदहा वाजण्यापूर्वीच पहिला विराम लागला.

एका ग्राहकाची मोठी विक्री-ऑर्डर आमच्याकडे होती. माझ्या टिपणाप्रमाणे ती विरामानंतर टाकायची होती. त्या पंधरा मिनिटांत खोलीत कोणी बोलत नव्हते. डीलरबाईंचा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा त्यांनी शांघायच्या बोलीत एकच वाक्य उच्चारून तो ठेवला. व्यवहार पुन्हा सुरू झाले तेव्हा खरेदीच्या बाजूला जवळजवळ काहीच उरले नव्हते. आमच्या ऑर्डरचा अगदी लहान भाग गेला आणि दहा वाजायच्या आतच सात टक्क्यांचा टप्पा येऊन दिवस संपला. विराम धरूनसुद्धा त्या दिवशीचा बाजार अर्ध्या तासापेक्षा कमी चालला.

दुपारभर बसून मी इतर देशांचे नियम कागदावर मांडले. अमेरिकेत हे टप्पे सात, तेरा आणि वीस टक्क्यांवर आहेत. आपल्याकडे मुंबईत दहा, पंधरा आणि वीस टक्क्यांवर. म्हणजे पहिल्या टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत पाच-सहा टक्क्यांची जागा राहते आणि तिच्यात खरेदीदाराला पुढे यायला वाव मिळतो. चीनमध्ये ती जागा अवघी दोन टक्क्यांची होती. शिवाय तिथे बहुतेक शेअरना दिवसाला दहा टक्क्यांच्या चढउताराची मर्यादा आधीपासून होतीच. दार केव्हा बंद होणार हे सर्वांना ठाऊक असेल आणि ते इतके जवळ असेल, तर निर्देशांक त्याच्याकडे ओढलाच जातो. पंधरा मिनिटांत लोक शांत होत नव्हते, रांगेत पुढे कसे राहायचे ते ठरवत होते. हे मला डीलरबाईंनी सोमवारीच सांगितले होते.

ग्राहकाला मी स्वतः फोन केला आणि सल्ला चुकीचा होता हे स्पष्ट शब्दांत सांगितले. त्याच दिवशी नियामकाने मोठ्या भागधारकांच्या विक्रीवर नवी बंधने जाहीर केली: शेअर बाजारातून तीन महिन्यांत कंपनीच्या एकूण भागभांडवलाच्या एक टक्क्याहून अधिक विक्री नाही आणि पंधरा व्यवहार-दिवस आधी सूचना. रात्री ८ जानेवारीपासून सर्किट ब्रेकर स्थगित केल्याचे जाहीर झाले. नियम जेमतेम चार व्यवहार-दिवस टिकला होता.

शुक्रवारी बाजार सावरला आणि ग्राहकाची उरलेली विक्री आम्ही दिवसभरात हळूहळू पूर्ण केली. संध्याकाळी नवे टिपण लिहायला घेतले तेव्हा मी डीलरबाईंना शेजारी बसायची विनंती केली आणि पहिला प्रश्न विचारला, की तुमच्या आईने शेवटी काय केले. “गुरुवारी तिची ऑर्डर सर्वांत आधी गेली,” त्या म्हणाल्या, “बाजार उघडायच्या आधीच लावून ठेवली होती.”