पडलेली चिंच आणि उभा गड्डा

मिरगाच्या तोंडावर आलेल्या वावधनानं दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मोठी चिंच आडवी केली. छातीच्या उंचीवर घेर आठ फूट, म्हणजे जाडी अडीच फुटांच्या आसपास. खोड गोठ्याच्या भिंतीवर टेकलेलं, शेंडा पलीकडच्या गल्लीत विजेच्या तारांवर, आणि बुडाशी मुळांचा गड्डा मातीसकट उभा, पुरुषभर उंचीच्याही वर. गावातले सगळे चेपलेली टिनं पाहत होते. आम्ही झाड कापून काढायला आलेलो, आमची नजर गड्ड्यावर होती.

"बुडातूनच घेऊन टाका न भाऊ, मंग बसा फांद्या कापत," घरमालक काकाजी म्हणाले.

दहातले नऊ जण हेच सांगतात, आणि यातच माणसं दबतात. पडलेल्या झाडाचा गड्डा मागच्या खड्ड्यात परत बसायला पाहत असतो. त्याला धरून ठेवतो तो खोडाचा आणि शेंड्याचा भार. खोड बुडाशी तोडलं की टनावारी मातीमुळांसह गड्डा उलटा फिरतो आणि उरलेलं खुंट सरळ उभं राहतं. खड्ड्यात कोणी असेल तर संपलंच. इथं तर त्या सावलीत दोन शेळ्या निवांत रवंथ करत होत्या. आधी त्या हाकलल्या, मग खड्ड्याभोवती दोर बांधला आणि पोरांना आवरायला एक माणूस लांब उभा केला.

त्याहून आधी वीज. लाइनमननं डीपीवरचे किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून स्वतःजवळ ठेवले आणि कामाच्या दोन्ही बाजूंना सगळ्या तारा एकत्र जोडून अर्थ केल्या. गावात लाइट नाही म्हणजे तार मेलेली, असं धरून चालता येत नाही. एखाद्या घरातलं जनरेटर चुकीचं जोडलेलं असलं तर करंट उलटा तारेत येतो. दुसरी भीती ताणाची. फांदीखाली दबलेली तार मोकळी होताच उसळते आणि वाकलेला खांबही झटका देतो. म्हणून फांदीला हात लावण्यापूर्वी तार खांबावरून सोडवून घेतली.

फांद्या टोकाकडून बुडाकडे. ओल्या चिंचेचं लाकूड घनमीटरला टनभर धरावं. एक फूट जाडीचा दोन मीटर तुकडा दीडशे किलोच्या घरात जातो, आणि तो हातभर जरी सुटा पडला तरी दोराला बसणारा हिसका वजनाच्या कितीतरी पट असतो. गोठ्यावरचे तुकडे त्यामुळे लहान ठेवले, दोर आधी ताणून घेतला आणि मगच काप पुरा केला. जेसीबी आणून शेंडा ओढायचा सल्लाही आला होता. ओढलं असतं तर खोड भिंतीवरून घसरून भिंत घेऊन गेलं असतं.

शेंडा जसजसा हलका होतो तसतसा गड्ड्याचा तोल बदलत जातो, त्यामुळे तो शेवटच्या कापाआधीही उठू शकतो. आम्ही खोडावर खडूची रेघ मारून शेजारी बांबू रोवला होता. रेघ बांबूवर सरकली की काम थांबवायचं. भिंतीजवळ चेनकुप्पीनं, म्हणजे साखळीच्या कप्पीनं, खोड तोललं, खाली लाकडी ठोकळे दिले, म्हणजे सुटलेला भाग पायावर येणार नाही.

काप गड्ड्यापासून पाच फुटांवर ठरवला. खुंट अगदी आखूड ठेवलं तर गड्डा कापणाऱ्याच्या अंगावरही येऊ शकतो. या जागी खोडाची वरची बाजू ताणलेली आणि खालची दाबात होती. भिंतीजवळ नेमकं उलट. दाबातल्या बाजूनं आधी कापायचं, पण थोडंच, साधारण चौथाई. जास्त गेलं की काप मिटतो आणि चेनसॉची पट्टी अडकते. मग वरून. आमची पट्टी अठरा इंची, म्हणून दोन्ही अंगांनी आत जावं लागलं. मध्येच भुशाऐवजी पीठ पडू लागलं, म्हणजे चेन बोथट. लाकडावर निळसर काळा डाग दिसला: आत जुना खिळा. गावातल्या चिंचेत खिळे असतातच. काप चार बोटं सरकवला, गोल कानशीनं दात लावले, पुन्हा सुरू.

वरचा काप रुंदावत चालला, तडतड ऐकू आली. कापणारा आधीच मोकळ्या केलेल्या वाटेनं बाजूला झाला. खुंट उठलं, गड्डा खड्ड्यात धप्पकन बसला, ढेकळं पार दोरापर्यंत उडाली. काकाजी एवढंच म्हणाले, "बाप्पा!"

गड्डा उभा असताना मुळांचे फोटो काढून ठेवले होते. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे परवानगीशिवाय तोडता न येणाऱ्या झाडांच्या यादीत, चिंच आहे. झाड आपोआप पडलं याचा पुरावा हाताशी असलेला बरा, आणि गोठ्याच्या पंचनाम्यालाही तो लागतोच. त्याच फोटोत पडण्याचं कारणही दिसतं. पश्चिमेकडची मुळं एका सरळ रेषेत तुटलेली, टोकं काळी, कुजलेली. काही वर्षांपूर्वी त्या बाजूनं सिमेंटची नाली खणली होती. वारा पश्चिमेचा आला आणि धरून ठेवायची मुळं नेमकी त्याच अंगाची गेलेली. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, पहिल्या पावसात सैल होते. मग वाऱ्याला फार जोर लावावा लागत नाही.

त्याच नालीच्या काठावर पुढे एक कडुनिंब आहे. त्याच्या बुडाशी पश्चिमेला अर्धगोल भेग दिसली, बोट जाईल एवढी. त्याच संध्याकाळी त्याखालची बैलबंडी हलवली. शेंड्याचा भार चौथाईनं उतरवायला परवा जायचं आहे.