‘विश्लेषण एफएसएलमध्ये केलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

मेंदूच्या एमआरआय स्कॅनवर काम करणाऱ्या आमच्या लॅबमध्ये सोलापूरचा एक ज्युनियर आहे. मला ताई म्हणतो, आणि एकदा ताई झालं की मसुदे वाचायचं काम आपोआप गळ्यात येतं. परवा त्याच्या पेपरचा मेथड्सचा भाग वाचत होते. स्कॅनरची माहिती साग्रसंगीत होती: चुंबक किती टेस्लाचा, स्लाइस किती जाड, टीआर, टीई ही स्कॅनच्या वेळांची मापं, सगळं. त्यानंतर एकच वाक्य, ‘डेटाचं विश्लेषण एफएसएल वापरून केलं.’ समासात मी लिहिलं, ‘कुठलं एफएसएल? आणि त्यातलं काय?’ ताईला आज खवचटपणाचा झटका आलाय, असं त्याला वाटलं असणार.

एफएसएल हा एक प्रोग्राम नाहीच. मेंदूच्या स्कॅनचं विश्लेषण करायला ऑक्सफर्डच्या मंडळींनी बांधलेली ती हत्यारांची पेटी आहे. कवटी काढून मेंदू वेगळा करायला बेट, एक प्रतिमा दुसरीवर नेमकी बसवायला फ्लर्ट, करडा आणि पांढरा भाग वेगळा करायला फास्ट, डिफ्युजनच्या, म्हणजे पाण्याच्या हालचालीवरून मेंदूतल्या तंतूंचा अंदाज देणाऱ्या डेटासाठी टीबीएसएस. प्रत्येकाचा पेपर वेगळा, लेखक वेगळे आणि आत घेतलेले निर्णयही वेगळे.

मी मिरजेत फिजिओथेरपी शिकले, तेव्हा माझ्या ओळखीचा मेंदू प्लास्टिकच्या मॉडेलमधला होता, तुकडे काढून परत बसवता येणारा. पुढे बंगळुरूला रिसर्चसाठी आले आणि काळ्या टर्मिनलसमोर बसले. तिथे पहिलं भेटलं ते बेट. डोक्याच्या आत एक गोल पृष्ठभाग ठेवायचा आणि मेंदूची कड लागेपर्यंत तो फुगवत न्यायचा, अशी त्याची रीत. कड कुठे मानायची हे ठरवणारा एक आकडा असतो, न सांगता ०.५ धरलेला. तो कमी केला की बाह्यरेषा मोठी होते, वाढवला की करडा भाग कुरतडला जायला लागतो. आमच्या स्कॅनमध्ये मान बरीच खालपर्यंत आलेली असायची. त्यामुळे बेटला डोक्याचा मध्य भलतीकडेच सापडायचा, आणि मानेचे स्नायू व डोळ्यांचे गोळे खुशाल मेंदूत मोजले जायचे. मध्य पुन्हापुन्हा शोधायला लावणारा ‘-आर’ हा पर्याय लावला की बरंचसं निस्तरतं. वयस्कर, मेंदू आक्रसलेल्या पेशंटच्या बाबतीत तरीही एकेक स्कॅन एफएसएलआइज या प्रतिमा दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडून डोळ्यांनी बघावा लागतो. मला हे काम आवडतं. अनेकांना ते कारकुनी वाटतं.

आता हा आकडा, हा पर्याय पेपरात आला नाही, तर वाचणाऱ्याने काय करायचं? तोच डेटा, तेच एफएसएल, आणि मेंदूचं आकारमान वेगळं. म्हणून बेटसाठी स्टीफन स्मिथचा २००२ चा पेपर, फ्लर्टसाठी जेन्किन्सन आणि स्मिथचा २००१ चा, आणि अख्ख्या पेटीसाठी २०१२ चा, असे संदर्भ द्यायचे; सोबत आकडे आणि आवृत्तीही द्यायची. एफएसएलची आवृत्ती त्याच्याच ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलीत लिहिलेली असते. फ्रीसर्फर या मेंदूचे भाग मोजणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची ‘बिल्ड-स्टॅम्प’ नावाच्या फाइलीत असते. विश्लेषण चालवलं त्याच दिवशी ती नोंदवून ठेवावी, कारण सर्व्हर सांभाळणारा मनुष्य तुम्हाला विचारून अपडेट करत नसतो.

आवृत्तीने एवढं काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांना मी २०१२ चा ग्रोनेनशिल्ड आणि सहकाऱ्यांचा पेपर पाठवते. त्यांनी तेच स्कॅन फ्रीसर्फरच्या तीन आवृत्त्यांतून काढले. आवृत्ती ५.० आणि आधीच्या दोन यांच्यात मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडला. कॉम्प्युटर बदलला किंवा मॅकची ऑपरेटिंग सिस्टीम एक पायरी पुढे गेली, तरी त्याच्या साधारण निम्मा फरक आला. आजार शोधायला निघालेली माणसं याहून लहान फरकांवर पेपर लिहितात.

आणि २०१६ चा एकलुंड, निकोल्स आणि नुटसन यांचा पेपर. एसपीएम, एफएसएल आणि एएफएनआय या विश्लेषणाच्या तीन सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी माणसं नुसती पडून असताना घेतलेला एफएमआरआय (मेंदूचं काम टिपणारा एमआरआय) डेटा घातला. जिथे काही सापडायला नको तिथे खोटे निष्कर्ष ५ टक्के यायला हवेत. क्लस्टरच्या, म्हणजे मेंदूतले शेजारशेजारचे ठिपके एकत्र धरून निकाल देणाऱ्या, काही पद्धतींत ते ७० टक्क्यांपर्यंत गेले. एएफएनआयच्या एका टूलमध्ये तर १५ वर्षं राहून गेलेला बग निघाला. पेपरात आधी ४०,००० अभ्यासांवर प्रश्नचिन्ह असल्याचं म्हटलं होतं, दुरुस्तीत तो आकडा काढून टाकला. बातम्या मात्र तोवर होऊन गेल्या होत्या. खरा आकडा काढायला कुणी कुठलं टूल, कुठला थ्रेशोल्ड (निष्कर्ष खरा मानायची सीमा) वापरला हे पेपरांतून कळायला हवं. तिथे ‘एफएसएल वापरून केलं’ छापाची वाक्यं काय कामाची?

एफएमआरआयप्रेप या एफएमआरआय डेटा विश्लेषणासाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरने हे काम सोपं केलंय. ते चालवलं की रिपोर्टच्या शेवटी मेथड्सचा तयार परिच्छेद येतो: कुठली पायरी कुठल्या टूलने केली, आवृत्ती आणि संदर्भांसकट. तो हक्कमुक्त असतो, आणि न बदलता जसाच्या तसा घ्या असं ते स्वतःच सुचवतात. आपल्याकडे इथे गंमत होते. थिसिस साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातला की हाच परिच्छेद लालभडक होऊन येतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलंय, त्यामुळे सहसा निभतं; पण घाबरलेले गाइड तो ‘आपल्या शब्दांत’ लिहायला लावतात. मग आवृत्तीचे आकडे गळतात, ‘ॲफाइन’ या नेमक्या तांत्रिक शब्दाचं ढोबळ ‘लिनियर’ होतं, आणि वाक्य कुणाचंच राहत नाही. माझं मत विचाराल तर परिच्छेद अवतरणात ठेवा, तो सॉफ्टवेअरने लिहिलाय असं वर स्पष्ट सांगा, आणि गाइडशी एकदा भांडून घ्या.

जर्नलची शब्दमर्यादा आडवी आली तर आकडे आणि पर्याय पुरवणीत ढकलायला हरकत नाही. संदर्भ मात्र मुख्य यादीतच ठेवा. पुरवणीतले संदर्भ सायटेशन मोजताना बहुतेक वेळा धरलेच जात नाहीत, आणि ही टूल्स आपल्याला फुकट देणाऱ्यांना पुढची ग्रँट मागताना तेच आकडे दाखवावे लागतात.