आमची वाटचाल : भिंत काकांची, फोन तुमचा

लोकं विचारतात, एआर (ऑगमेंटेड रिअॅलिटी, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून खऱ्या भिंतीवर हलतं चित्र दाखवणं) वगैरे ठीक आहे, पण त्यात पैसे मिळतात का? मिळतात हो, उशिरा मिळतात पण मिळतात. लालबागमधे भाड्याच्या गाळ्यात आमचं दुकान, भिंतीवर चित्र काढायचं आणि समोर फोन धरला की ते हललं पाहिजे, एवढाच धंदा. सुरुवात दोघांनी केली, मी आणि पेंटर काका. काका म्हणजे हाताने बोर्ड रंगवणारे, मंडळांचे पडदे रंगवणारे, फ्लेक्स आला आणि काम गेलं. ट्रॅकिंग, म्हणजे कॅमेऱ्याने भिंतीवरचं चित्र ओळखून धरून ठेवणं, मला त्यांच्याकडून कळलं म्हटलं तर आमच्या लाइनमधले हसतील पण खरंय. सपाट रंग, एकसारखी नक्षी, गुळगुळीत ग्रेडियंट असलं की कॅमेऱ्याला पकडायला काही मिळतच नाही. काकांची काळी कड ठळक, कोपरे धारदार, दोन विटा कधी सारख्या नाहीत. त्यांची भिंत स्वस्तातल्या फोनवर पटकन लॉक होते आणि आर्ट स्कूलवाल्यांची पेस्टल भिंत महागड्या फोनवर पण थरथरते, मी बघितलंय.

पहिली भिंत गिरणीची. १९८२ चा संप ज्यांच्या घरात झाला त्यांना वेगळं काय सांगायचं, पण आताच्या पोरांना चिमणी म्हणजे मॉलच्या बाजूचा शोपीस वाटतो. म्हणून फोन धरला की धूर, भोंगा, आणि आत चालू साचा, म्हणजे कापड विणायचा माग. साच्याचं अॅनिमेशन करताना साचा खात्यात आयुष्य गेलेले एक आजोबा शेजारी बसवले होते, धोटा कसा जातो ते त्यांनी हो म्हटल्याशिवाय फायनल केलं नाही.

दुसरी भिंत जास्त गाजली आणि जास्त नडली. डीसी रूल ५८, म्हणजे बंद गिरण्यांच्या जमिनीचं काय करायचं ते ठरवणारा मुंबईचा नियम. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ मधे नियम बदलला आणि वाटे फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेचे धरायचे ठरलं, म्हणजे शेड उभ्या आहेत ती जमीन हिशोबाबाहेर. २००६ ला सुप्रीम कोर्टातही तेच टिकलं. आम्ही भिंतीवर नुसता विभागाचा नकाशा काढला, फोन धरला की जुन्या नियमाने जिथे मैदान आलं असतं तिथे हिरवं उगवतं आणि त्यावर पोरं क्रिकेट खेळतात. टॉवरवाल्यांना नाही आवडलं. चाळीतल्यांनी मात्र गावाकडचे पाहुणे आणून दाखवलं.

मधली वर्षं बरी गेली.

मग मेल आला. आमचे सगळे इफेक्ट, म्हणजे फोनमधे दिसणारी ही हलती चित्रं, एका मोठ्या सोशल मीडिया कंपनीच्या फुकट प्लॅटफॉर्मवर होते, ते अॅप प्रत्येकाच्या फोनमधे असायचं म्हणून. कंपनीने सांगितलं, जानेवारी २०२५ पासून बाहेरच्यांनी बनवलेले इफेक्ट बंद. कारण वगैरे गोड भाषेत. एका रात्रीत सगळ्या भिंती मुक्या, आणि माघी गणपती १ फेब्रुवारीला! मंडळाच्या गल्लीतलं मोठं काम आमच्याकडे. तेवढ्यात ती एजन्सी (नाव घेत नाही, ज्यांनी आमच्या नंतर भिंत करून पेपरात "मुंबईत पहिल्यांदाच" छापून आणलं होतं तेच) लॅपटॉप घेऊन मंडळात हजर, यांचं दुकान संपलंय, आम्ही एलईडी वॉल लावतो म्हणाले. अध्यक्ष भाऊंनी चहा पाजला आणि विचारलं, काकांची भिंत पडली का? नाही ना? मग बघू. आणि आम्हाला अॅडव्हान्स दिला. मंडळ अॅडव्हान्स देतं हे ऐकलंय का कुणी?

मग सगळं वेबवर उचललं. चित्र ओळखायला माइंडएआर आणि थ्रीडी दाखवायला थ्रीजेएस, दोन्ही ओपन सोर्स म्हणजे फुकट वापरता येणारे कोड, क्यूआर स्कॅन केला की ब्राउझरमधेच चालू, अॅप नको काही नको. ऐकायला सोपं आहे. गर्दीत नेटवर्क मरतं म्हणून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधे बसून साच्याचं मॉडेल सोलून सोलून हलकं केलं, आयफोनवर बोट लावल्याशिवाय आवाजच सुरू होत नाही म्हणून भोंग्याला बटण दिलं, मंडपाच्या हॅलोजनमधे भिंतीचा रंगच बदलतो म्हणून रात्री परत फोटो काढून टार्गेट, म्हणजे कॅमेऱ्याने ओळखायचं चित्र, नव्याने तयार केलं. ३१ ला रात्री चालू झालं. एजन्सीवाले बघायला आले होते, स्कॅन करताना आमच्या पोराने पाहिलं.

नवीन मुलांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो. क्यूआर स्वतःच्या डोमेनवर न्या, भिंतीवर रंगवलेला कोड बदलता येत नाही पण त्याच्या मागचं पान बदलता येतं. वरचा कोट मॅट मारा, ग्लॉस उन्हात चमकतो आणि ट्रॅकिंग मेलं. कोड गुडघ्याशी लावू नका, तिथे स्कूटर लागतात. आणि एनओसी लेखी घ्या, तोंडी हो म्हणणारा माणूस पुढच्या निवडणुकीत पडतो.

आमच्याकडेच बघा. पावसाळ्याआधी डीसी रूलवाली भिंत परत रंगवायचीये, पोपडे सुटलेत. सोसायटीचा चेअरमन बदलला, नव्याने एनओसी मागतोय, म्हणतो नकाशातलं मैदान जरा लहान दाखवा. काकांनी नाही सांगितलंय.