डॅशहुंडचा ठिपकेदार रंग आणि त्यामागचे जनुक

डॅशहुंड जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांत राखाडी अंगावर काळे ठिपके आणि एखादा निळा डोळा असलेले पिल्लू असले, की गिऱ्हाइकाची नजर आधी त्याच्यावरच खिळते. या रंगाला डॅपल म्हणतात. पीएमईएल नावाच्या जनुकात शिरलेला डीएनएचा एक छोटा तुकडा त्याला कारणीभूत आहे, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले.

हा बदल प्रभावी असल्यामुळे त्याची एकच प्रत, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आलेली, पुरते. मात्र तो काळ्या-तपकिरी रंगद्रव्यालाच फिका करतो, तांबूस रंगद्रव्याला जवळजवळ हात लावत नाही. म्हणूनच काळ्या डॅपलच्या भुवयांवरचे तांबूस ठिपके शाबूत राहतात, आणि लाल किंवा क्रीम रंगाच्या कुत्र्यात तोच बदल पूर्णपणे दडून राहू शकतो. खरा धोका इथेच आहे. दोन्ही पालकांत प्रत्येकी एक प्रत असेल, तर प्रत्येक पिल्लाला दोन प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि अशी पिल्ले बरीचशी पांढरी, पुष्कळदा बहिरी किंवा डोळ्यांत जन्मजात दोष असलेली निघतात. त्यांनाच ‘दुर्मीळ रंग’ म्हणून चढ्या भावाने विकणे मला अक्षम्य वाटते. लाल कुत्र्याची डॅपलशी जोडी जमवण्यापूर्वी जनुकीय चाचणी करून घ्यावी. गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा त्यासाठी पुरतो.