चार वर्षांनी सरांना मेल केला

चाकणला एका कास्टिंग कंपनीत (धातूचे ओतीव पार्ट बनवतात तिथे) क्वालिटीला होते मी, मुलगी झाली तेव्हा सोडलं, सहा महिने म्हणता म्हणता चार वर्षं झाली. या वर्षी परत सुरू करायचं ठरवलं. जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी अगदी मनापासून मदत केली, पण प्रत्येकाकडून फिरून तेच तीन ओपनिंग आले, कारण आम्ही सगळे त्याच पट्ट्यात, त्याच लोकांना ओळखणारे.

मग नवरा म्हणाला, अगं ते कस्टमरकडचे सर, ज्यांच्याशी रात्री अकरा अकरापर्यंत तुझे कॉल चालायचे, त्यांना विचारलंस का? मी म्हटलं चार वर्षांत साधा दिवाळीचा मेसेज नाही केला आणि आता कामापुरतं कसं विचारू.

पण काम बऱ्याचदा खरंच अशाच दूरच्या ओळखीतून मिळतं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा पेपर आहे, त्यांनी बॉस्टनजवळ नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं. ज्यांना ओळखीतून काम मिळालं त्यांच्यातले जेमतेम १७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे होते, बाकीच्यांची भेट अधूनमधून, नाहीतर वर्षातून एखादवेळ. जवळच्यांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं ना, ग्रुपवर माझं झालं तेच.

व्हॉट्सॲप मुद्दाम नाही केला, निळी टिक दिसली की समोरच्याला लगेच काहीतरी बोलावं लागतं. मेल माणूस सवडीने वाचतो. पण ड्राफ्ट अकरा दिवस पडून होता. पहिल्यांदा लिहिलं ते सगळं 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट' आणि शेवटी काही असेल तर बघा. आता 'असेल तर बघा' म्हटल्यावर समोरचा 'बघतो' याशिवाय काय म्हणणार, त्याच्या हातात आपण काहीच देत नाही. ते सगळं पुसलं. मेल इंग्लिशमध्येच होता, मराठीत सांगते:

"सर, २०१९ ला पंप हाऊसिंगच्या लीकेजसाठी तुम्ही तीन दिवस आमच्या प्लांटला होतात, पार्ट कापून बघितला आणि पोरॉसिटी (धातूतली बारीक छिद्रं) गेटच्या, म्हणजे साच्यात धातू शिरतो त्या तोंडाच्या, बाजूला सापडली, त्या टीममधली मी. मुलीसाठी चार वर्षं घरी होते, आता सप्लायर क्वालिटीत (पार्ट पुरवणाऱ्यांची क्वालिटी बघायचं काम) परत यायचंय. चाकण-भोसरीत सध्या कोण माणसं घेतंय आणि एवढ्या गॅपनंतर मी आधी काय वाचावं, एवढं दोन ओळीत सांगाल का?"

सब्जेक्टला 'पंप हाऊसिंग लीकेज २०१९ आणि एक प्रश्न'. सीव्ही एका पानाचा, फाइलला माझं नाव. मंगळवारी सकाळी साडेआठचा टाइम लावून शेड्यूल केला.

गुरुवारी रात्री उत्तर आलं. हाऊसिंग त्यांना पार्ट नंबरसकट आठवत होतं! भोसरीतल्या एका मॅनेजरचं नाव दिलं, त्यांना सीसीमध्ये घेतलं, आणि लिहिलं की मॅडम, एफएमईएची (काय बिघडू शकतं ते आधीच शोधायची पद्धत) २०१९ ची नवीन हँडबुक वाचून जा, आता आरपीएन (धोक्याचे तीन आकडे गुणून येणारा नंबर) कोणी विचारत नाही, ॲक्शन प्रायॉरिटी (कशावर आधी काम करायचं ते) विचारतात. मी दोन आठवडे मुलगी झोपली की तेच घेऊन बसायचे आणि इंटरव्ह्यूमध्ये दोन नंबरचा प्रश्न नेमका त्यावरच आला. सिलेक्शन झाल्यावर सरांना पहिला मेल केला, आईला फोन त्यानंतर.

सोमवारी जॉइनिंग आहे. काल माळ्यावरून सेफ्टी शूज काढले, इतकी वर्षं न वापरल्याने सोलचा अक्षरशः भुगा झालेला, म्हणून संध्याकाळी मुलीला घेऊन भोसरीला गेलो आणि नवीन घेतले, पाच नंबर, दुकानात तिने स्वतः लेस बांधून दिली.