हँडगनने हरणाची शिकार: बुलेट कुठली, अंतर किती (माझा अनुभव)

आधीच सांगतो, हे सगळं अमेरिकेतलं, ओहायोतलं आहे. आपल्याकडे शिकारीवर बंदी आहे आणि ती तशीच राहावी असं मलाही मनापासून वाटतं. इथली गोष्ट वेगळी, व्हाइटटेल हरणं मका-सोयाबीनच्या शेतात कळपाने उतरतात, रात्री हायवेवर गाड्यांसमोर येतात, आणि लायसन्स नि डिअर परमिट काढून सीझनमध्ये शिकार कायदेशीर आहे. मी कोलंबसला राहतो, हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, दोन सीझन शॉटगनने गेलो आणि तिसऱ्या वर्षी रिव्हॉल्वर घेऊन जायचं ठरवलं. इथला नियम म्हणजे बॅरल कमीत कमी 5 इंच आणि कॅलिबर, म्हणजे गोळीची साधारण जाडी इंचात, पॉइंट 357 किंवा त्याच्या वर. मी पॉइंट 44 मॅग्नम घेतली, साडेसात इंच बॅरलची.

पहिला घोळ बुलेटचा. दुकानात 180 ग्रेनपासून 300 ग्रेनपर्यंत (ग्रेन म्हणजे बुलेटच्या वजनाचं माप) सगळं मिळतं आणि मला वाटलं हलकी बुलेट म्हणजे स्पीड जास्त, म्हणजे चांगली, म्हणून 180 ची हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेली, उचलली. हॉकिंग काउंटीत ज्यांच्या शेतात मी लेखी परवानगी घेऊन जातो ते आजोबा तीस वर्षं हँडगननेच शिकार करतायत, त्यांनी बॉक्स हातात घेतला आणि बाजूला ठेवला. त्यांचं म्हणणं असं की ही पटकन फुलते, पण खांद्याच्या हाडाला लागली तर आत पोचायच्या आधीच तिचा जोर संपतो, आणि हँडगनमध्ये रायफलसारखी ताकद नसते, इथे काम होतं ते खोल जाण्यावर. शक्यतो आरपार, कारण दोन भोकं असली की रक्ताचा माग नीट मिळतो.

मग 240 ग्रेनची एक्सटीपी, म्हणजे बेताने फुलून खोल जाणारी हॉलो पॉइंट, आणि 300 ग्रेनची हार्ड कास्ट, म्हणजे कडक शिशाची, चपट्या नाकाची, असं दोन्ही आणलं. हार्ड कास्ट फुलत नाही, सरळ भोक पाडत जाते, मोठ्या रानडुकरासाठी छानच, पण माझ्या हाताला तिचा झटका झेपत नव्हता. शिवाय पाच गोळ्या मारून सहावं काडतूस काढून बघितलं तर झटक्याने त्यातली बुलेट केसमधून (काडतुसाच्या पितळी नळीतून) पुढे सरकलेली, अजून थोडी सरकली असती तर सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, फिरलाच नसता. तेव्हापासून कुठलाही नवीन बॉक्स आणला की शेवटचं काडतूस काढून बघतोच. आणि एक, 25 यार्डांवर (यार्ड म्हणजे तीन फूट) 300 ची गोळी 240 पेक्षा चांगली तीन इंच वर लागत होती, कारण जड बुलेट बॅरलमधून सावकाश सुटते आणि तोपर्यंत झटक्याने तोंड वर उचललेलं असतं. म्हणजे बुलेट बदलली की साइट (नेम धरायची खूण) परत सेट करायची, याला पर्याय नाही. शेवटी 240 च ठेवली.

आता अंतराचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 240 ची गोळी सुटते साधारण 1,350 फूट प्रति सेकंदाने आणि शंभर यार्डांवर 1,100 च्या आत येते, 50 वर झीरो केली, म्हणजे तिथे बरोबर नेमावर लागेल अशी साइट लावली, तर शंभरला पाच-सहा इंच खाली लागते. कागदावर वाचलं की शंभर यार्ड जमण्यासारखे वाटतात. रेंजवर बेंचवर टेकून 75 पर्यंत मला जमतही होतं, मी खूश होतो. आजोबांनी आठ इंची कागदी प्लेट झाडाला लावली, हरणाचं हृदय-फुप्फुस साधारण तेवढ्याच जागेत असतं, आणि म्हणाले जमिनीवर बस, बेंच नाही. 75 वरून सहापैकी दोन. 60 वरून तीन. मला खरंच वाईट वाटलं.

मग त्यांनी सिलिंडर स्वतः भरला, मधेमधे रिकामी केसेस टाकून, कुठे काय आहे मला न सांगता. तिसऱ्या वेळी हॅमर रिकाम्या केसवर पडला, आवाज फक्त टक, आणि पुढची साइट माझ्या डोळ्यांसमोर इंचभर खाली गेली. मी झटक्याच्या भीतीने आधीच हात दाबत होतो. त्यावर उपाय म्हणजे दोन महिने पॉइंट 44 स्पेशल काडतूस, त्याच रिव्हॉल्वरमध्ये बसतं आणि झटका कितीतरी कमी, कानात प्लग आणि वर मफ, आणि प्रत्येक वेळी हॅमर आधी ओढून हळू चाप. शूटिंग स्टिकवर टेकवायला कापडी पिशवी बांधली होती, ती चुकून सिलिंडर आणि बॅरलच्या फटीजवळ आली, जिथून गोळी सुटताना गरम वायू बाहेर पडतो, आणि मॅग्नमच्या पहिल्याच गोळीत कापड फाटून काळं पडलं. तिथे माझं बोट असतं तर काय झालं असतं या विचाराने हात थरथरला, त्यामुळे हे प्रत्येकाला सांगतोच, त्या फटीजवळ काहीही नको.

ऑक्टोबरअखेर बसून 45 यार्डांवरून सहाच्या सहा प्लेटमध्ये यायला लागल्या, तेही गाडीतून उतरून थंड हाताने पहिली गोळी धरून. आजोबा म्हणाले, हेच तुझं अंतर, त्यापुढचं हरीण तुझं नाही.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी गन सीझन सुरू झाला, ऑरेंज जॅकेट घालून ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसलो. साडेआठला एक मोठा नर आला, रेंजफाइंडरवर 70, अगदी आडवा उभा. मी हॅमरला हात लावला नाही. तो दोन मिनिटं तिथेच ओकची फळं खात होता आणि मला माझ्याच छातीचे ठोके ऐकू येत होते. बुधवारी संध्याकाळी मादी आली, 38 यार्ड, आडवी, पुढच्या पायामागे नेम धरला. गोळी आरपार. अर्धा तास बसून राहिलो, मग पानांवर फेसाळ गुलाबी रक्त दिसलं, म्हणजे फुप्फुस, आणि साठ-सत्तर पावलांवर ती पडलेली होती. तिच्याजवळ बराच वेळ गुडघ्यावर बसलो. रात्री गेम चेक, म्हणजे शिकारीची सरकारी नोंद, केला, आणि रविवारी बायकोने कांदा-लसूण मसाला घालून खिमा केला, आजोबांनाही डबा नेला.

या वर्षी 60 पर्यंत जायचंय. जुलैपासून प्लेटा लावतोय, 60 वर अजून सहापैकी चार-पाचच बसतायत, म्हणून सध्या तरी 45 च.