निळा विग आणि नव्वद नंबरचं लेणं

नागपूरच्या त्या कुटुंबाने फोनवरच सांगून टाकलं होतं: तीन दिवस मुंबई, त्यातली एक दुपार मुलीच्या कॉमिक कॉनसाठी. मी पाहुण्यांना मुंबई दाखवतो, त्यातही फोर्टातल्या इमारती आणि लेणी. चित्रकथांच्या जत्रेत आपलं काय काम, असं मनात आलं. पण डिसेंबरच्या सीझनला नाही कोण म्हणतं?

पहिले दोन दिवस नेहमीसारखे. सीएसटी, गेटवे, लाँचने घारापुरी. वडिलांनी त्रिमूर्तीचे ढीगभर फोटो काढले. पंधरा वर्षांची मुलगी "छान आहे, काका" म्हणाली आणि वहीत रेघोट्या ओढत बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नॅशनल पार्कातली कान्हेरीची बौद्ध लेणी, दुपारी कॉमिक कॉनसाठी गोरेगावचं नेस्को प्रदर्शन केंद्र. रस्ता एकच, म्हणून हा बेत माझाच. मुलगी हॉटेलातूनच कॉमिक कॉनसाठी आवडत्या पात्राचं चिलखत चढवून उतरली. फोम कापून, रंगवून घरीच केलेलं. बोरिवलीला नॅशनल पार्कच्या गेटवर वॉचमनने तलवार अडवली. फोमची आहे हे दाबून दाखवल्यावर तो हसला, पण तलवार गाडीतच राहिली.

पायऱ्यांपाशी मी रोजचं सांगितलं: खाऊ हातात धरू नका, माकडं आहेत. तिच्या हातातल्या पारदर्शक पिशवीत निळा विग होता, तो काही खाऊ नव्हे. माकडाला हे कसं कळणार? पिशवी गेली, फाटली, विग हुंगून झाला, आवडला नाही, तरी झाडावर गेलाच. पोरीचे डोळे भरले. आई म्हणाली, "परत फिरू या."

मी सुचेल ते बोलत राहिलो. हे पाण्याचं टाकं बघ, असंच एक कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने दिलं, तसं ब्राह्मीत कोरलंय. सोपारा, नाशिक, कुठकुठल्या लोकांनी इथे पैसे घातले. तिने नाक पुसलं. "म्हणजे क्राउडफंडिंग?" जवळपास तेच.

तीन नंबरचा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, आणि तिथले उंच बुद्ध बघून बहुतेक लोक उतरतात, मीही उतरवतो. त्या दिवशी मात्र वर चढलो, नव्वद नंबरपर्यंत. चिलखतात ती घामाघूम. तिथे पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, बारीक, उभ्या ओळींचे. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशांनी कोरलेले.

"काय लिहिलंय?"

"कोण कोण आलं, कोणाचा मुलगा, आणि तारीख."

"बस?"

"बस."

विग गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. "फॅनच की हे!"

मी दुरुस्त करायला निघालो, की ते बौद्ध नव्हते, जरथुस्त्री होते, आणि मध्येच थांबलो. दुसऱ्याच धर्माची लेणी बघायला डोंगर चढून आले, नाव-तारीख घालून गेले. मग दुसरं काय म्हणणार? (आज कुणी किल्लीने नाव कोरताना दिसला तर मी खेकसतो. हजार वर्षं टिकलं की त्याचा शिलालेख होतो, हा भाग वेगळा.) तिने वही काढून त्या ओळी जमतील तशा उतरवून घेतल्या.

नेस्कोत मी बाहेर चहा पीत थांबणार होतो, पण वडिलांनी आत ओढलं. काय ती गर्दी! विगशिवाय, साध्या वेणीत उभ्या असलेल्या तिच्यासोबतही लोक फोटो मागत होते. एका चित्रकाराच्या सहीसाठी तासभर रांग. टेबलापाशी पोचल्यावर तिने त्याची चित्रकथा पुढे केली नाही, वही उघडली. हे काय, त्याने विचारलं. तिने सांगितलं, माझ्यापेक्षा थोडक्यात आणि माझ्यापेक्षा बरं. तो जरा वेळ त्या ओळी बघत राहिला. मग त्यांच्या शेजारी त्याने उभी सही केली आणि खाली तारीख घातली.

तेव्हापासून कान्हेरीच्या पायथ्याशी माझ्या सूचना अशा असतात: पाणी घ्या, टोपी घाला, खाऊ लपवा, आणि कुणाकडे विग असेल तर आधी सांगा.